अचलेवरचा कोरण्या: खानदेशातला एक कीटकप्रवास

शनिवार, सावदा

जळगावहून भुसावळमार्गे सावद्याकडे निघाले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा लागतात आणि घड धरलेल्या झाडांना बांबूचे टेकू दिलेले दिसतात. हा प्रवास मी मुद्दाम त्या टेकूंपासून सुरू केला. सध्या मी एका काल्पनिक ग्रहाचा निसर्गवृत्तान्त लिहीत आहे. त्या ग्रहाला मी अचला असे नाव दिले आहे, आणि तेथील झाडांच्या खोडात आयुष्य काढणाऱ्या कीटकाला कोरण्या. ग्रह कल्पनेतला असला तरी लाकूड खाऊन जगणे ही गोष्ट काही कठोर अटींवरच शक्य होते, आणि त्या अटी आपल्या पृथ्वीवरच्या किड्यांनी कोट्यवधी वर्षे पाळलेल्या आहेत. म्हणून कोरण्याच्या जीवनचक्रातला एकही टप्पा केवळ नवलासाठी रचायचा नाही, प्रत्येक टप्प्याला खऱ्या लाकडाचा आणि खऱ्या किड्याचा आधार शोधायचा, असे ठरवून मृग लागण्याच्या सुमारास मी खानदेशात आलो. सोबत वनखात्यातून निवृत्त झालेले माझे स्नेही आहेत. त्यांची बहुतेक नोकरी सातपुड्यात झाली आणि सगळे त्यांना अण्णा म्हणतात.

सावद्याजवळच्या एका शेतात जुन्या टेकूंचा ढीग बांधाला लागून पडला होता. अण्णांनी त्यातला एक बांबू उचलून जमिनीवर आपटला, तेव्हा त्याच्या बारीक छिद्रांतून पिवळसर भुकटी झडली. हे घुणाचे काम. शेतकरीदादांनी सांगितले की तोडलेला बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवला तर त्याला कीड कमी लागते. यामागचे कारण असे आहे की या किड्यांना बांबूतला स्टार्च हवा असतो आणि भिजवल्यामुळे तो बराचसा निघून जातो. लिक्टस नावाच्या भुंगेऱ्याची मादी तर अंडी घालण्यापूर्वी लाकडाला चावे घेऊन त्यातला स्टार्च जोखते, आणि लाकडातल्या ज्या वाहिन्यांची, म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांची, तोंडे तिची अंडी घालण्याची नळी आत जाईल एवढी मोठी असतात, त्यांतच अंडी ठेवते. ज्या झाडाच्या वाहिन्या अरुंद, ते झाड तिच्या दृष्टीने बंद दारच असते.

कोरण्याच्या मादीची पहिली कृती मला येथे मिळाली. तीही चावा घेऊन पाहील, आणि अंडे सालीवर उघडे न ठेवता वाहिनीत सरकवील. अंडे असे आत दडले की त्याला जाड कवचाची गरज उरत नाही. ही बचत लहान दिसते, पण अन्न न खाता जगणाऱ्या मादीला अंड्यांची संख्या वाढवायची असेल तर ती मोलाची आहे. ती अन्न का खात नाही, ते पुढे येईल.

रविवार, पाल

रावेर तालुक्यातील पाल हे गाव सुकी नदीच्या खोऱ्यात, यावल अभयारण्यालगत वसलेले आहे. हे अभयारण्य १९६९ साली घोषित झाले. रस्त्याने साग, सालई, धावडा आणि मध्येच अंजन अशी झाडे लागतात. उन्हाळ्याच्या शेवटी सागाला पान नसते, त्यामुळे खोडेच खोडे दिसतात, आणि आमच्या कामाला हेच दिवस सोयीचे.

अण्णांनी प्रथम सागाचे एक जुने, तोडलेले खोड दाखवले. त्यावरची वर्तुळे स्पष्ट होती. सागात हंगामाच्या आरंभी रुंद वाहिन्या तयार होतात आणि पुढे त्या बारीक होत जातात, म्हणून एकेका वर्षाची रेघ उमटते. अचलेवरच्या झाडाला अशी वर्तुळे असणार नाहीत, आणि याचे कारण त्या ग्रहाच्या सूर्यात आहे. अचला मी प्रॉक्सिमा सेंटॉरी या ताऱ्याच्या ग्रहावरून कल्पिली. तो ग्रह २०१६ साली जाहीर झाला. आपल्यापासून तो सुमारे ४.२ प्रकाशवर्षे दूर आहे आणि त्याचे वर्ष अवघ्या ११.२ दिवसांचे आहे. लाल बटू, म्हणजे सूर्याहून लहान आणि मंद, ताऱ्याच्या इतक्या निकट फिरणाऱ्या ग्रहाची एकच बाजू बहुधा कायम ताऱ्याकडे राहते, जशी चंद्राची एकच बाजू आपल्याकडे असते. तेथे ना सकाळ, ना पावसाळा, ना हिवाळा. उजेड आणि काळोख यांच्या सीमेजवळच्या पट्ट्यात, जेथे सूर्य क्षितिजावर थोडासा वर कायमचा थबकलेला आहे, तेथे माझे अरण्य उभे आहे. तेथील झाडाला मी झुकी म्हणतो, कारण प्रकाश एकाच दिशेने येत असल्यामुळे ते सूर्याकडे कललेले वाढते.

कललेल्या झाडाचा विचार मी आजवर केवळ दृश्य म्हणून केला होता. घाटाच्या उतारावर एक वाकडा धावडा दाखवून अण्णा म्हणाले, "अशा झाडाची फळी सुतार घेत नाही. ती पीळ खाते." त्यांचे म्हणणे वनस्पतिशास्त्राशी जुळते. रुंद पानांच्या बहुतेक वृक्षांचे खोड कलले की वरच्या अंगाला वेगळे, ताण पेलणारे काष्ठ तयार होते. त्यात सेल्युलोज अधिक आणि लिग्निन, म्हणजे लाकडाला टणकपणा देणारे द्रव्य, कमी असते, आणि वाळताना ते अधिक आकसते. लाकूड खाणाऱ्या अळीच्या दृष्टीने लिग्निन ही मोठी अडचण, कारण ते पचवणे फारच थोड्या जीवांना जमते. झुकीचे झाड सूर्याकडे कललेले असल्याने तिचे वरचे अंग काळोखाकडे वळलेले राहील. म्हणजे लिग्निन कमी असलेले लाकूड नेमके सावलीच्या बाजूला सापडेल. कोरण्याच्या मादीला अंडी कोठे घालायची, हा प्रश्न एका वाकड्या धावड्याने सोडवला.

दुपारी वस्तीलगत उन्मळून पडलेल्या आंब्याच्या खोडापाशी आम्ही बराच वेळ घालवला, आणि आजचा खरा विषय हाच होता. आंब्याला लागणारी भिरूड शेतकऱ्यांच्या परिचयाची आहे: सालीतून बाहेर पडणारा जाडसर भुसा, खोडावर ओघळलेला डिंक, आणि आत बोटभर लांबीची पांढुरकी, जवळजवळ पाय नसलेली अळी. आपल्या अंगाचे वेढे फुगवून ती बोगद्याच्या भिंतींना टेकते आणि पुढे सरकते. बोगद्याची रुंदी वाढत जाते, त्यावरून अळीच्या वाढीचा हिशेब लागतो. आम्ही एका बोगद्याचा माग काढत गेलो. सुरुवातीला सालीखाली तो वेडावाकडा फिरत होता, मग काष्ठात शिरला, आणि शेवटी पुन्हा सालीजवळ येऊन एका लांबट पोकळीत संपला. कोष तेथे होऊन गेला होता.

अळीला इतका वेळ का लागतो, याचे उत्तर लाकडाच्या घडणीत आहे. सुक्या लाकडाचा जवळजवळ अर्धा भाग सेल्युलोज, पाव भागाच्या आसपास लिग्निन, आणि प्रथिनांसाठी लागणारे नत्र एक टक्क्याच्याही बरेच खाली. ऊर्जा भरपूर, पण शरीर घडवण्याचा माल अत्यल्प. त्यामुळे अळीला थोड्या नत्रासाठी पुष्कळ लाकूड पोटातून जाऊ द्यावे लागते आणि वाढ मंदावते. ओंडका तोडून वाळला तर ती आणखीच मंदावते. उत्तर अमेरिकेतील सोनेरी ब्युप्रेस्टिस हा भुंगेरा घराच्या वापरात असलेल्या लाकडातून अर्ध्या शतकानंतरही बाहेर पडल्याची नोंद आहे. हे वाचल्यापासून कोरण्याच्या अळीला आपल्या मापाने वीस-पंचवीस वर्षांचे आयुष्य द्यायला मला संकोच वाटत नाही. अचलेच्या मापाने ती शेकडो वर्षे होतात, पण ऋतूच नसलेल्या ठिकाणी वर्ष ही मोजणी अळीला जाणवणारही नाही.

सायंकाळी अण्णांनी अंजनाचे एक खोड दाखवले. भारतातील सर्वांत कठीण आणि जड लाकडांत त्याची गणना होते. अनेक कीटकांच्या जबड्यांच्या धारेत जस्त किंवा मँगनीज साठवलेले असते आणि त्यामुळे धार टिकते. कोरण्याच्या अळीलाही ते लागेल. झुकीच्या कोवळ्या अंगात ती जन्मते, पण मध्यभागी अंजनासारखे टणक काष्ठ ओलांडल्याशिवाय तिला दुसऱ्या बाजूला जाता येणार नाही. आणि तिला दुसऱ्या बाजूला जायचेच आहे.

सोमवार, चोपडा ते शिरपूर

आज सातपुड्याच्या पायथ्याने पश्चिमेकडे प्रवास झाला. ऊन इतके कडक होते की दुपारी थांबावेच लागले. एका बंद घराच्या पडवीतल्या वाशात मोठा काळा भुंगा ये-जा करत होता. त्याचे वर्तुळाकार छिद्र सुताराने पाडल्यासारखे नेटके असते, पण तो लाकूड खात नाही. मादी लाकूड कोरून घर करते आणि परागाचा गोळा ठेवून पिलांच्या खोल्या भुशाच्या पडद्यांनी वेगळ्या करते. लाकूड हे अन्न नसून केवळ आश्रय असण्याची ही रीत मला महत्त्वाची वाटली, कारण अचलेवर आश्रयाचे मोल अन्नाहून कमी नाही. लाल बटू तारे अधूनमधून भडकतात. प्रॉक्सिमाच्या अशा ज्वाला खगोलशास्त्रज्ञांनी पुन्हा पुन्हा नोंदवल्या आहेत, आणि त्या वेळी अतिनील किरणांचा मारा अनेक पटींनी वाढतो. सालीचा जाडसर थर अतिनील किरण अडवायला पुरेसा आहे. अशा जगात खोडाच्या आत राहणे हाच सर्वांत शहाणा निवास ठरतो.

मंगळवार, साक्री

साक्री परिसरात डाळिंबाच्या बागा आहेत. एका बागेत वाळत चाललेल्या झाडाच्या बुंध्यावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे होती. हे सूक्ष्म भुंगेरे लाकूड स्वतः पचवत नाहीत. ते आपल्या शरीरातील खास पोकळ्यांत बुरशीचे बीजाणू घेऊन येतात, बोगद्याच्या भिंतींवर बुरशी वाढवतात आणि तीच खातात. आई हे बियाणे पुढच्या पिढीला देते. डाळिंबाच्या मर रोगाशीही या किड्यांचा संबंध जोडला जातो, त्यामुळे बागाईतदाराच्या दृष्टीने ही मोठी आपत्ती आहे आणि त्या बागेत उभे राहून त्याचे कौतुक करणे मला जड गेले. तरीही नत्राच्या टंचाईवर एवढा कुशल तोडगा दुसरा नाही. बुरशी लाकडात दूरवर पसरून विखुरलेले नत्र गोळा करते आणि किड्याच्या तोंडाशी आणते. कोरण्याची मादी अंड्यावर बुरशीचा पातळ लेप देईल, आणि अळी बाहेर पडताना पहिला घास त्याच लेपाचा घेईल.

दुपारी बांधावरच्या बाभळीखाली एका वृद्ध शेतकऱ्याशी बोलणे झाले. बाभळीच्या फांद्यांची साल गोलाकार कुरतडणारा भुंगेरा त्यांना ठाऊक होता. त्याची अळी खोडात आणि मुळात राहते. "आबा, हे भुंगे आत्ता कोठे असतील?" असे विचारल्यावर ते म्हणाले, "पानी पडनं का मंग त्या बाहेर येतस." म्हणजे पाणी पडले की मगच ते बाहेर येतात. मृगाच्या पहिल्या पावसाबरोबर जमिनीतून निघणाऱ्या लाल मखमली मृगाच्या किड्याचे नाव आपल्या लोकांनी नक्षत्रावरून ठेवले, परंतु त्याला बोलावतो तो पाऊस. सूर्य मृगात गेला आणि पाऊस लांबला तर किडाही लांबतो.

तेव्हापासून एकच प्रश्न मनात घोळत राहिला. ज्या ग्रहावर पाऊस हंगामाने येत नाही, तेथे सर्व कोरण्यांनी एकाच वेळी बाहेर पडावे कसे? वीस वर्षे आत वाढून प्रौढ कीटक काही दिवसच जगणार असेल, तर नर आज आणि मादी सहा महिन्यांनी बाहेर येणे म्हणजे दोघांचेही आयुष्य वाया जाणे होय.

बुधवार, शहादा ते तोरणमाळ

शहाद्याहून म्हसावदमार्गे घाट चढताना एका बाजूचा डोंगर उन्हाळ्यातल्या वणव्याने काळा पडलेला होता. मंगळवारच्या प्रश्नाचे उत्तर या उतारावर मिळाले, म्हणून येथे आम्ही गाडी थांबवून बराच वेळ फिरलो. जळलेल्या सालईच्या एका अंगाची साल उलून निघाली होती आणि दुसरे अंग शाबूत होते. जिवंत सालई जखम झाली की राळयुक्त डिंक सोडते आणि शिरणाऱ्या अळीला त्यात बुडवते. भाजलेल्या अंगाला हे बळ उरत नाही. युरोप आणि अमेरिकेत आढळणारा मेलानोफिला हा भुंगेरा तर आपल्या छातीच्या खालच्या बाजूच्या खड्ड्यांसारख्या इंद्रियांनी वणव्याचे अवरक्त किरण ओळखतो, आगीकडे उडत जातो आणि नुकत्याच जळालेल्या लाकडात अंडी घालतो, कारण तेथे झाडाचा प्रतिकार संपलेला असतो.

अचलेवर वणव्याची जागा ताऱ्याची ज्वाला घेते. मोठी ज्वाला आली की सबंध अरण्यातील झुकींची सूर्याकडील साल एकाच वेळी पोळते, तिच्या आतला जिवंत थर मरतो आणि त्या बाजूचा रस ओसरतो. पूर्ण वाढलेली अळी मध्यकाष्ठ ओलांडून आधीच सूर्याकडील सालीखाली आलेली असते, आंब्यातल्या भिरुडीप्रमाणे तिने तेथे पोकळी कोरलेली असते, आणि बाहेरच्या बाजूला पातळ पापुद्रा राखून कोषाच्या उंबरठ्यावर ती थांबलेली असते. रस ओसरल्याची जाणीव होताच ती कोषात जाते. ज्वालेनंतरचा काळ सुरक्षित असतो म्हणून नव्हे, कारण दुसरी ज्वाला लगेच येऊ शकते. तर हाच एक संकेत आहे जो अरण्यातील प्रत्येक खोडाला एकाच क्षणी मिळतो. अण्णांना हे पटले, पण त्यांनी लगेच विचारले की लहान ज्वालांचे काय. त्यावर आमचे असे ठरले की सालीखालचा थर मरण्याइतकी मोठी ज्वालाच मोजावी. झुकीच्या लाकडात वर्षांची वर्तुळे नसली तरी अशा ज्वालांचे डाग एका बाजूला एकावर एक साचत जातील, आणि त्या अरण्याचा इतिहास तेवढाच वाचता येईल.

रात्री तोरणमाळच्या पठाराच्या दक्षिण कडेवर गेलो. आदल्या दिवशीच्या वळवाच्या सरीने धूळ बसली होती. दहाच्या सुमारास क्षितिजापासून जेमतेम सात-आठ अंशांवर नरतुरंगातील मित्र तारा दिसला. प्रॉक्सिमा त्याच्याच जवळचा, पण दुर्बिणीशिवाय न दिसणारा. कडेवर वारा सतत एकाच दिशेने अंगावर येत होता आणि त्याने प्रौढ कोरण्याचे वागणे ठरवले. अचलेसारख्या ग्रहावर जमिनीलगतचा वारा साधारणपणे काळोख्या बाजूकडून उजेडाकडे वाहील, आणि तो कधी उलटणार नाही. मादीचा गंध नेहमी सूर्याकडेच वाहून जाईल, म्हणून नराला नेहमी वाऱ्याविरुद्ध, काळोखाच्या दिशेने उडावे लागेल. मीलनानंतर अंड्यांनी जड झालेली मादी वाऱ्याबरोबर सूर्याकडे सरकेल. नर एकीकडे आणि मादी दुसरीकडे, यामुळे जात त्या अरुंद पट्ट्यात टिकून राहते. भांडण्यात किंवा चरण्यात घालवायला दोघांकडेही वेळ नाही. खोडात पोसणाऱ्या कॉसिड पतंगांची मुखांगे प्रौढावस्थेत निकामी झालेली असतात आणि ते अळीपणी साठवलेल्या चरबीवर जगतात. कोरण्याही तसाच. गंध पोहोचला तरी शेवटच्या हातभर अंतरात नेमके खोड शोधण्यासाठी तो युरोपातील एका लाकूडभुंगेऱ्याप्रमाणे डोके खोडावर आपटून टकटक करील, आणि मादी तशीच टकटक करून उत्तर देईल.

गुरुवार, तोरणमाळ

दुपारनंतर पाऊस आला. रात्री विश्रामगृहाच्या दिव्याखाली भिरुडीचा प्रौढ भुंगेरा येऊन आदळला: दोन इंचांच्या आसपास लांब, त्याहून लांब मिशा, आणि मानेच्या ढालीवर दोन नारिंगी ठिपके. अण्णांनी त्याला हळूच उचलून जवळच्या आंब्यावर सोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच आंब्याच्या वाळलेल्या फांदीला कान लावला, तेव्हा आत कुरतडण्याचा आवाज चालूच होता. पाऊस पडूनही सगळे बाहेर आलेले नव्हते, कारण आत निरनिराळ्या वयाच्या अळ्या होत्या.

कोरण्याच्या बाबतीत ही व्यवस्था मी अधिक पक्की करणार आहे. ज्वालेनंतर लगेच दुसरी ज्वाला आली तर उघड्यावरचे सर्व प्रौढ मरतील. म्हणून पूर्ण वाढलेल्या अळ्यांपैकी काही पहिल्या संकेताला दाद देणार नाहीत आणि पुढच्या ज्वालेची वाट पाहतील. त्यांचे वजन थोडे घटेल, पण बुरशी त्यांना जगवील.

परतीच्या घाटात अण्णांनी एक अडचण काढली, आणि ती योग्य होती. झुकीचे झाड वाऱ्याने पडले तर खोडात रसच राहणार नाही. मग रस ओसरल्याचा संकेत आतल्या अळीला कसा मिळणार? माझ्या मते तो मिळणारच नाही. पडलेल्या खोडातील अळी वाळत्या लाकडावर मंद वाढत राहील, सोनेरी ब्युप्रेस्टिससारखी दीर्घकाळ तग धरील, आणि वाढ पुरी झाली की इतरांची पर्वा न करता एकटीच कोषात जाऊन बाहेर पडेल. ती मादी असेल तर तिचा गंध घ्यायला कोणी नसेल आणि तिची अंडी फुकट जातील. नर असेल तर तो वाऱ्याविरुद्ध उडत राहील, आणि त्याच काळात दुसऱ्या एखाद्या पडलेल्या खोडातून एखादी मादी बाहेर आली असेल तरच त्याला जोडीदार मिळेल.

अण्णांच्या मते अशा खोडांतील बहुतेक किडे निपुत्रिक मरतील आणि मलाही तसेच वाटते. मात्र एकामागून एक मोठ्या ज्वाला येऊन उभ्या झाडांतील सगळी पिढी भाजून निघाली, तर पुढे जात चालवतील ते हेच.